अलर्ट नक्की कोणता?

मा. संपादक, स.न.वि.वि.

हल्ली पेपर उघडला की कुठे ना कुठे ‘अलर्ट’ असतोच, पावसाचा अलर्ट, प्रशासन अलर्ट मोडवर, नागरिकांनो अलर्ट राहा, आणि मोबाईलवर बँकेचा साधा मेसेज आला तरी तोही अलर्टच. शब्द एक पण अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून हे पत्र लिहितोय.

मागे वडिलांना ॲडमिट केलं होतं तेव्हा रात्री केसपेपर हातात आला, त्यावर ‘अलर्ट’ लिहिलेलं. पोटात गोळाच आला, धावत नर्सकडे गेलो, त्या म्हणाल्या अहो हे चांगलंय, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे. मग त्यांनी समजावलं की शुद्ध बघायच्या चार पायऱ्या असतात, अलर्ट ही सगळ्यात वरची, त्याखाली हाकेला ओ देणारा, मग नुसता वेदनेला हलणारा आणि शेवटी कशालाच प्रतिसाद न देणारा. म्हणजे वडील सगळ्यात चांगल्या पायरीवर होते आणि मी हेडलाईनमधला अर्थ धरून हादरलो होतो.

नंतर डिक्शनरीत बघितलं. हा शब्द इटालियनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, मूळ अर्थ उंचावर, टेहळणीच्या जागी उभं राहून नजर ठेवणं. अलार्मही इटालियनच पण त्याचा अर्थ ‘शस्त्रं उचला’, म्हणजे तिथे शत्रू दारात आलाय. अलर्टमध्ये अजून फक्त डोळे उघडे ठेवायचेत, फरक केवढा बघा! पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्याच्या भोंग्यालाच अलर्ट म्हणायला लागले, आणि जागं असणं आणि धोक्याची सूचना हे दोन्ही अर्थ आजही त्या एकाच शब्दात आहेत. इंग्रजीत ते वाक्यावरून कळतं, आपण तो सुटा उचलून मथळ्यात टाकतो तेव्हा कळत नाही.

आई ‘अलर्ट’ वाचते आणि विचारते, म्हणजे आता करायचं काय? तिला उत्तर मथळ्यातच मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे इशारा आहे, सूचना आहे, सतर्क आहे, सावध आहे, प्रत्येकाचं काम वेगळं आणि सगळ्यांना समजणारं. तेव्हा पाऊस येणार असेल तर ‘जोरदार पावसाचा इशारा’ असं छापा आणि कुठे, कधीपासून ते त्याच ओळीत द्या, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक