हिरव्या उलटीला ‘पित्त झालंय’ म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विडी घरकुल भागातील आमच्या गल्लीतल्या एका सात वर्षांच्या मुलावर नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झाली. त्याचे पोट बरेच महिने मधूनमधून दुखायचे. गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात पडून राहायचा आणि तासाभराने उठून खेळायला पळायचा. जंताचे औषध झाले, बेंबीला हिंग लावून झाला, दृष्टही काढली. सोनोग्राफीत काही निघाले नाही, तेव्हा शाळा बुडवायची नाटके म्हणून पोराला बोलणी बसली. एके रात्री हिरवी उलटी झाली, पोट फुगले आणि मग धावपळ सुरू झाली. निदान निघाले पोटातल्या आतला हर्निया.

हर्निया म्हटले की आपल्याला जांघेतली गाठ आठवते. या प्रकारात बाहेरून काहीच दिसत नाही. आतड्याला धरून ठेवणारा आणि रक्त पोचवणारा एक पडदा पोटात असतो. काही मुलांच्या पडद्यात जन्मतःच दोन-तीन सेंटिमीटरचे छिद्र राहून जाते. त्यात आतड्याचे वेटोळे शिरते. ते आपोआप सुटले की दुखणे थांबते, आणि नेमकी तेव्हा केलेली तपासणी नॉर्मल येते. अडकून पीळ बसला तर मात्र रक्तपुरवठा तुटून काही तासांत आतडे काळे पडते आणि तेवढा भाग कापून काढावा लागतो.

हा आजार दुर्मिळ आहे. पोटदुखीची बहुतेक मुले बद्धकोष्ठाची किंवा साध्या संसर्गाची असतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हिरवी उलटी, फुगलेले पोट, शौच आणि वारा दोन्ही बंद, मूल मलूल पडलेले, यातले काहीही दिसले तर ओव्याचे पाणी पाजत, पोट चोळत बसू नये. तोंडाने काही न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वारंवार दुखत असेल तर आधीचे रिपोर्ट चांगले असले तरी सर्जनचे मत घ्यावे. कधी कधी सीटी स्कॅनवरच हे कळते.

करमाळ्यासारख्या तालुक्यातून सोलापूर गाठायलाच दोन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून जिल्हा आरोग्य विभागाला विनंती आहे, की आशाताईंच्या बैठकांत आणि शाळांच्या पालक सभांत ही लक्षणे सांगावीत, आणि अशा मुलाला सकाळपर्यंत थांबवून न ठेवता १०८ बोलावून लगेच पुढे पाठवावे, अशी सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी.

– एक शिक्षिका, सोलापूर