मोतीपालनाचा हिशेब आणि आपले पाणी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘घरच्या टाकीत मोती पिकवा, माल आम्हीच परत घेऊ’ अशा जाहिराती अलीकडे वारंवार दिसतात. त्यांतला हिशेब ठरलेला असतो: एका शिंपल्यात दोन मणी (ज्यावर मोत्याचा थर चढतो तो गाभा), हजार शिंपल्यांचे दोन हजार मोती, गुणिले दुकानातला भाव. किती शिंपले मरतात, किती मणी बाहेर फेकले जातात, किती मोत्यांवर चकाकीच धरत नाही, याची वजाबाकी त्यात नसते. शिवाय हे मोती गोल नसतात, हे कोणी सांगत नाही.

शिकाऊ माणसाला जमते ती पद्धत अशी. गोड्या पाण्यातले, आठ सेंटिमीटरच्या वरचे, निरोगी शिंपले दोन-तीन दिवस दाटीने, साधारण लिटरमागे एक या प्रमाणात ठेवायचे. त्याने कवच मिटणारा स्नायू सैल पडतो. मग कवच जेमतेम एक सेंटिमीटर उघडून, आतला मांसल पडदा अलगद सोडवून, चार ते सहा मिलिमीटरचा मणी किंवा गणपतीचा साचा कवच आणि पडदा यांच्यामध्ये सरकवायचा. जास्त ताणले की स्नायू फाटतो आणि तो शिंपला गेलाच. यातून मिळतो तो अर्धगोल किंवा नक्षीचा मोती, एका बाजूने कवचाला चिकटलेला. गोल मोत्यासाठी दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा दोन मिलिमीटरचा तुकडा मण्यासोबत जननग्रंथीत बसवावा लागतो. ते काम दोन दिवसांच्या वर्गात हाती बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे आठ-दहा दिवस सर्वांत नाजूक. रोज पाहणी करून तोंड वासलेले शिंपले लगेच काढावेत, कारण एक कुजला की टाकीतले सगळे पाणी नासते. त्यानंतर जाळीच्या पिशवीत दोन-दोन घालून तळ्यात साधारण मीटरभर खोल टांगायचे आणि बारा ते अठरा महिने थांबायचे.

खरी अडचण आपल्या पाण्याची आहे. कवच काय किंवा मोती काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे भागात जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी मऊ आणि किंचित आंबट असते. शिंपल्याला सामू (पाण्याचा आंबटपणा मोजणारा आकडा, पीएच) सात ते आठ लागतो. बिजागरीजवळचा कवचाचा जुना भाग झिजून पांढरा पडला असेल तर पाणी कवच खाते आहे असे समजावे. उपाय म्हणून चुनखडीची भुकटी टाकावी. कळीचा चुना नको, त्याने सामू एकदम चढतो. मुसळधार पावसात तळे पातळ होते आणि तांबडा गाळ कल्ल्यांत बसतो, म्हणून सामूची मोजणी पावसाळ्यातही चालू ठेवावी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, तर हा उद्योग करूच नये. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत येणारे खारे पाणी या शिंपल्यांना मारते.

टाकीतले पाणी आरशासारखे नितळ दिसले की लोकांना बरे वाटते, पण त्या पाण्यात शिंपला उपाशी असतो. त्याचे खाणे म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म हिरवे शेवाळ. कुजवलेले शेण थोडे थोडे घालून पाणी फिकट हिरवे ठेवावे लागते. नव्या सिमेंटच्या टाकीचा चुना उतरेपर्यंत पाणी बदलत राहावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही घातक.

नदीतले शिंपले ओरबाडून आणण्याआधी हेही लक्षात घ्यावे, की त्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे नसलेल्या तळ्यात पुढची पिढी होत नाही, दरवेळी नवे शिंपले विकत घ्यावे लागतात. विकणाऱ्याचा फायदा तोच.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडेसे. बाजारातले गोड्या पाण्यातले गोल मोती बहुतेक चीनमधून येतात. त्यात गैर काही नाही, मात्र भाव त्याप्रमाणे असावा. दोन मोती हलके घासले की खरखर लागली पाहिजे. काचेचे आणि प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात. भोकाच्या कडेला भिंगातून पाहावे, रंगाचे पापुद्रे निघालेले असतील तर तो मुलामा. नथीसाठी ‘बसरा’ (इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती) म्हणून दाखवलेला मोती नैसर्गिक की संवर्धित, म्हणजे माणसाने पिकवलेला, हे डोळ्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतला एक्स-रे लागतो. तो अहवाल नसेल तर बसऱ्याचा भाव देऊ नये.

आपला,
एक वाचक, डिचोली