झोपेत दात खाणाऱ्या माझ्या मुलास

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तीनदा म्हणालास, "मी मजेत आहे गं." आणि फोन ठेवता ठेवता सांगितलंस की डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायला गार्ड दिलाय, कारण तू झोपेत दात खातोस आणि दाढा झिजायला लागल्यात. तोंड एक सांगत होतं, दात दुसरंच. मी दातांवर विश्वास ठेवला.

लहानपणीही तू असाच दात खायचास. घरातल्या मोठ्यांनी जंत म्हणून निकाल लावला, मी औषध दिलं. काही फरक पडला नाही. मग तुझी परीक्षा संपली आणि आवाज आपोआप बंद झाला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. (दात खाण्याची कारणं आणखीही असतात, ती डॉक्टरांना नीट विचार.)

ताण मनात असतो असं आपण बोलतो खरं, पण तो राहायला असतो शरीरात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्याशा ग्रंथी आहेत. धोका दिसला की त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात, नाडी वाढते, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. लढायची नाहीतर पळायची ही तयारी वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली मांडली. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदराला थंडीत ठेवा, इजा करा, दमेपर्यंत पळवा. छळ कुठलाही असो, शरीरातले बदल तेच. बिचारे उंदीर! पण तुझ्या शरीरालाही साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज आणि अंगावर धावून आलेला बैल यांतला फरक फारसा कळत नाही. बैल आला असता तर तू पळाला असतास, आणि धापा टाकत थांबल्यावर शरीराला उमगलं असतं की सुटलो. मेसेज आल्यावर तू जागचा हलत नाहीस. तयारी सगळी झाली, पळणं राहूनच गेलं.

म्हणून "चांगले विचार कर" हा सल्ला मला कधी पटला नाही. आवळलेल्या जबड्याला सुविचार ऐकू येत नाहीत. त्याला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं. भरभर चाल, जिने चढ, थोडा घाम येऊ दे. आठवड्याला दीडशे मिनिटं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती एका दिवसात उरकायची नसतात, हे तुला मुद्दाम सांगते; तुझा स्वभाव मला माहीत आहे.

दुसरं, श्वास. मनगटावर बोट ठेवून बघ. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तेव्हा सोडायचा श्वास लांबवायचा. चार मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, दोन-तीन मिनिटं. खांदे खाली. आणि दात एकमेकांवर टेकलेले नकोत. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत थोडी फट असते. आत्ता आहे का तुझ्या?

आता एक गंमत सांगते. मी नोकरीवरून यायचे तेव्हा दाराबाहेर जरा वेळ खुडबुड ऐकू यायची, आठवतं? तुम्हा भावंडांना वाटायचं, आईला पर्समध्ये चावी सापडत नाही. चावी हातातच असायची. मी जिन्यात उभी राहून श्वास सोडत असायचे, दिवसभराचं जे काही असेल ते दाराबाहेर ठेवण्यासाठी. तेव्हा कॅनन वगैरे मला ठाऊक नव्हता. ज्या दिवशी घाईत तशीच आत आले, त्या दिवशी तुझ्या वाकड्या पडलेल्या बुटांवरून घर डोक्यावर घेतलं. ते बूट मला अजून आठवतात, आणि बुटांची काही चूक नव्हती.

रात्रीचं मात्र मला कधी जमलं नाही. अंथरुणावर पडलं की उद्याची कामं रांगेत उभी. अलीकडे एक प्रयोग वाचला, २०१८ सालचा. ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहायला लावली, निम्म्यांना झालेली. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले. मला आधी उलटंच वाटलं होतं. पण बघ, कागदावर उतरवलेलं काम डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. यादी मोघम नको, "रिपोर्ट" असं नको. कुणाला फोन, कुठलं पान, असं बारीक लिही. आणि मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर. मोबाइल उघडलास की साहेब भेटतील.

कॉफी दुपारनंतर नको. तिच्यातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात.

आणि हे सगळं करूनही महिनाभर झोप लागली नाही, छातीत धडधडायला लागलं, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरांकडे जा. फार ताणू नये म्हणतात, पण किती ताणलं म्हणजे फार, ते आपलं आपल्याला कळत नाही. घरात तर कळतच नाही. मी तुझे दात ऐकले आणि जंताचं औषध दिलं.

रविवारी मी फोन करेन. काम कसं चाललंय ते विचारणार नाही. बूट घालून खाली उतर आणि चालता चालता बोल. मीही गच्चीवर फेऱ्या मारेन. धाप लागली की ठेवू.

तुझी,
आई