एका पिक्सेलमध्ये एक गुंठा

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार.

उपग्रहाच्या इमेजवरून मी केलेला पहिला नकाशा तुम्ही तेवीस लाल खुणा करून परत पाठवलात, त्याला या दिवाळीत तीन वर्षं झाली. साक्रीच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची रंगीत प्रिंट काढून आणली होती, ती अजून माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे लिहून टाकते, आणि उघडपणे लिहिते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या कॉलेजांत भूगोल घेऊन बसलेल्या आणि पुढे काय या काळजीत असलेल्या पोरापोरींनाही कळू दे, तुम्ही मला काय दिलंत ते.

तेव्हा मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते. जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रहातून जमीन पाहणं) हा एक पेपर होता, त्यात चांगले मार्कही पडले होते, पण सॉफ्टवेअर मी एकदाही उघडलेलं नव्हतं. व्याख्या पाठ होत्या. घरात स्पर्धा परीक्षेचं चाललं होतं. अशात एका संस्थेची जाहिरात दिसली: पंधरा हजार भरा, सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र मिळवा. कापूस नुकताच विकला होता, पैसे घरात होते, दादा द्यायलाही तयार होते. मी लिंक्डइनवर खान्देशातलं कोणी या क्षेत्रात आहे का ते शोधलं, तुम्ही रावेरच्या निघालात, आणि ओळखदेख नसताना विचारलं, ‘ताई, ही संस्था चांगली आहे का?’

रात्री साडेदहाला तुमचं उत्तर आलं. ‘पैसे भरू नकोस. इंटर्नला मानधन कमी मिळेल, कधी मिळणारही नाही, पण त्याच्याकडून पैसे घेत नसतात. तुझ्या गावाचा एक नकाशा कर आणि मला पाठव.’

त्या चार ओळींनी आमच्या घरातले पंधरा हजार वाचले. त्या पैशांतून जुना लॅपटॉप आला. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या इमेजेस फुकट, आपल्या इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ फुकट, हे मला तुमच्यामुळे कळलं. लागायचा तो फक्त नेटपॅक आणि रात्रीची लाइट.

पहिल्या आठवड्यात तुम्ही फोनवर जे समजावलंत ते मी आजही नव्या मुलांना तसंच सांगते. मी विचारलं होतं, रिझोल्यूशन म्हणजे नेमकं काय? तुम्ही म्हणालात, ‘तुमचं वावर किती?’ मी म्हटलं, तीन एकर. ‘म्हणजे एकशेवीस गुंठे. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. एका पिक्सेलमध्ये एक गुंठा. तुमचं वावर त्या इमेजमध्ये जवळपास एकशेवीस ठिपक्यांचं आहे.’ मग अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे, आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरचा म्हणजे साधारण साडेपाच गुंठे, आणि लिस-४ चा ५.८ मीटरचा इतका बारीक की गुंठ्यात तीन बसतात. पुस्तकातलं जे पान मला दोन वर्षं कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत सातबाऱ्याइतकं ओळखीचं झालं. बांधावरच्या दोन गुंठ्यांतली मेथी लँडसॅटला का दिसत नाही, हे मग मला कोणी सांगावं लागलं नाही.

नकाशासाठी मी विषय घेतला तो फडांचा. पांझरा नदीवर दगडी बंधारे बांधून, पाटाने पाणी काढून, सगळ्या गावाने मिळून भिजवायची ही पद्धत आपल्याकडे तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट करायची, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. मला वाटलं, फडात एकच पीक असतं तर उपग्रहातून तो एकसंध चौकोन दिसायला हवा. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. सेंटिनेलच्या चौथ्या आणि आठव्या बँडमधून हा फरक काढला, एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, तयार झाला, गडद हिरव्या भागाला मी ‘ऊस’ असं नाव दिलं आणि तुम्हाला पाठवून दिलं.

त्यावर तेवीस खुणा आल्या. स्केल नाही. इमेज कोणत्या तारखेची ते लिहिलेलं नाही. क्षेत्रफळाच्या रकान्यात शून्यापुढे शून्यं, कारण लेयर (नकाशाचा थर) अक्षांश-रेखांशांच्या अंशांत ठेवून मी क्षेत्रफळ काढलं होतं. ‘आपण यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मापायच्या नकाशा-पद्धतीच्या, त्रेचाळीसाव्या झोनमध्ये आहोत. त्याचा मध्य रेखांश ७५ पूर्व, तो अमळनेरच्या जवळून जातो. आधी लेयर त्यात आण, मग मीटर मिळतील.’ पण सगळ्यात मोठं लाल वर्तुळ नदीकाठच्या ‘उसा’भोवती होतं. शेजारी लिहिलं होतं, ‘इथे जाऊन आलीस का?’

गेले नव्हते. घरापासून एक किलोमीटरवर आहे ते, आणि गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन गेले. उसाचं कांडंही नव्हतं तिथे, सगळी वेडी बाभूळ माजलेली. उपग्रहाने हिरवं दाखवलं ते खरंच होतं, त्याला ऊस मी म्हटलं होतं. मग पुढचे बारा दिवस मी आबांबरोबर शिवार पायाखाली घातलं. मोबाइलच्या जीपीएसवर बिंदू घेत गेले आणि आबा सांगत गेले: हा पहिला फड, इथून दुसरा, इथे पाटाची मोरी होती, इथे पाटकरी दारं धरायचा. मला जे चौकोन इमेजमध्ये दिसत नव्हते ते का दिसत नाहीत हेही कळलं. विहिरी आल्या, बोअर आले, ज्याने त्याने आपापलं पीक लावलं आणि फड आतून फुटत गेला. जमिनीवरच्या पडताळणीला तुमच्या धंद्यात ग्राउंड ट्रुथ म्हणतात. माझ्यासाठी त्या शब्दाला कायम आबांच्या काठीचा आवाज आहे.

सुधारलेला नकाशा पाहून तुम्ही म्हणालात, ‘आता अर्ज कर.’ आणि अर्ज कसा करायचा तेही दाखवलंत. शंभर ठिकाणी एकच बायोडेटा पाठवायचा नाही. ज्यांचं काम आपल्या कामाशी जुळतं अशा पाच-सहा जणांना लिहायचं, दहा ओळींत: मी कोण, कोणता प्रश्न घेतला, कोणता डेटा वापरला, कुठे चुकले, ती चूक कशी सापडली. सोबत नकाशाची एक पीडीएफ. ‘कुठे चुकले’ हे लिहायला मी घाबरत होते. मुलाखतीत त्यावरच वीस मिनिटं बोलणं झालं आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, मानधनासह.

ते दोन महिने सोपे नव्हते. पहिले पाच आठवडे मी फक्त नाले, रस्ते आणि विहिरी डिजिटाइझ केल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माउसने रेघा ओढायच्या. रडून तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही समजूत घातली नाहीत. ‘नाल्याची रेघ ओढताना तो उतारावरून खाली जातोय ना, हे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, लावून बघ,’ एवढंच म्हणालात. कंटूर लावले आणि काम बदललं. धुळे-नंदुरबार पट्ट्यात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या सरळ काळ्या रेघा इमेजमध्ये दिसायला लागल्या. त्या डाइक. बेसाल्टच्या थरांतल्या भेगांत तप्त शिलारस घुसून गोठला, भोवतालचा खडक झिजला आणि या भिंती उभ्या राहिल्या. लहानपणी ज्या धारेवर आम्ही शेळ्या चारायचो ती अशीच एक भिंत, मैलोन्‌मैल गेलेली. जमिनीखालचं पाणी कुठे तिला अडतं, कुठे तिच्या भेगांतून वाहतं. त्यामुळे विहीर धारेच्या वरच्या अंगाला की खालच्या, याने फरक पडतो. आबांना हे माहीत होतं, त्यांच्याकडे शब्द वेगळे होते.

वनहक्काच्या कामासाठी धडगावकडे गेले तेव्हाही तुमचाच धडा उपयोगी पडला. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची. त्याआधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून जुन्या इमेजेस काढाव्या लागतात. इमेज हा पूरक पुरावा, ती नसली किंवा धूसर असली म्हणून दावा पडत नाही, ग्रामसभेचं आणि जुन्या माणसांचं म्हणणं तितकंच धरायचं. डोंगरउतारावरची आठ-दहा गुंठ्यांची नागली लँडसॅटच्या एका पिक्सेलमध्ये झाडांसोबत विरघळून जाते. ‘इथे शेती दिसत नाही’ असं लिहिण्याआधी मला प्रत्येक वेळी ते लाल वर्तुळ आठवलं.

आता हे वाचणाऱ्या मुलांसाठी, तुम्ही मला सांगितलेल्या वाटा इथे लिहिते, कारण मला कोणी एका जागी सांगितल्या नव्हत्या. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची रिमोट सेन्सिंग शिकवणारी संस्था ऑनलाइन कोर्स घेते, बरेचसे विनाशुल्क, नोंदणी तेवढी वेळेत करावी लागते. हैदराबादची एनआरएससी (इस्रोचं रिमोट सेन्सिंग केंद्र) आणि नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांची नावं पाठ असू द्या आणि त्यांच्या जाहिराती स्वतः त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, फॉरवर्ड आलेल्यावर विसंबू नका. एम. एस्सी. च्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करता येतो का ते आधीच्याच सत्रात विचारा. २०२२ पासून गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत जिओमॅटिक्सचा (जमीन मोजणी आणि नकाशांचा) वेगळा पेपर आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे तयार करण्यावरची बरीच बंधनं उठवली, २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आलं, त्यामुळे खासगी कंपन्यांत काम आहे. पण त्यातलं पुष्कळसं नुसत्या डिजिटायझेशनचं, पगार कमी आणि तिथेच अडकायची भीती मोठी. त्यातून वर यायचं तर थोडं पायथॉन, थोडं डेटाबेसचं शिकावंच लागतं, हे तुमचं म्हणणं मी अनुभवाने मान्य केलंय.

आणि खान्देश सोडूनच जायला हवं असं नाही. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज आता उपग्रहाची मदत घेऊन होतो. २०१४ ला सुरू झालेल्या चमन प्रकल्पात फळं-भाज्यांचं क्षेत्र उपग्रहातून मोजायला घेतलं, त्यात केळीही होती. यावल-रावेरचा सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा, जिथे गाळात पाणी मुरतं पण उपसा त्याहून जास्त, तिथे पाणी कुठे जिरवावं हे नकाशाशिवाय ठरत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे कापसाची ऐन वाढ दिसत नाही, तेव्हा ढगांपलीकडे पाहणारं सेंटिनेल-१ चं रडार कसं वापरायचं यावर काम करणारी आपल्या भागातली माणसं हवीत. केळी, ऊस आणि चाऱ्याचा मका यांतला फरक ज्याच्या पायाने तुडवलाय तो ते वर्गीकरण अधिक चांगलं करील, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी लॅपटॉप उघडला तेव्हाचं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. दादा शेजारी बसले. मी धुळे जिल्ह्यापासून आत आत येत गेले, साक्री, पांझरा, गाव, पाट, आणि थांबले. दादा बराच वेळ बघत राहिले. मग बोटाने स्क्रीनवरचा बांध धरत म्हणाले, ‘हाई आमनं वावर शे?’ मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विहीर कुठे आहे ते मला दाखवलं. बरोबर दाखवली. त्या वेळी तुम्ही तिथे असायला हव्या होत्या.

ताई, तुम्ही माझ्या कोणी लागत नव्हता. तुमची स्वतःची नोकरी, लहान मूल, पुण्याची धावपळ, आणि तरी एका अनोळखी मुलीच्या नकाशावर तेवीस ठिकाणी थांबलात. ‘छान केलंस’ लिहून मोकळं होता आलं असतं. माझ्या कामाला तुम्ही चूक काढण्याइतकं महत्त्व दिलंत, त्याआधी ते कोणी दिलं नव्हतं. तुमचे मनापासून आभार. आईनेही सांगितलंय, हिवाळ्यात या, भरीत आणि कळण्याची भाकरी तयार आहे.

तुमची,
पांझराकाठची विद्यार्थिनी

ता. क. तिसऱ्या फडाची पूर्वेकडची हद्द अजून बसत नाही. आबा चिंचेपासून सांगतात, शेजारचे काका नाल्यापासून, आणि दोन्हींत अठ्ठावीस मीटरचा फरक पडतो. चिंच आता नाही, पण २००५ च्या आसपासच्या एखाद्या स्पष्ट इमेजमध्ये तिची सावली सापडेल का? सापडण्यासारखी असेल तर कोणती मागवू तेवढं कळवा.