आमवाताचे पहिले सहा महिने : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातील एका गावात मी अठ्ठावीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. मुदतीच्या सहा वर्षे आधी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण फळ्यावर खडूने सलग दोन ओळी लिहिणे माझ्या हातून होईना. मला आमवात आहे, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. या पत्रात माझी कहाणी सांगावी लागणार आहे, पण ती सहानुभूतीसाठी नाही. माझी बोटे वाकडी होण्याआधी त्यांना वाचवू शकणारी गोळी बाजारात होती आणि ती महागही नव्हती. ती माझ्यापर्यंत पोहोचायला तीन वर्षे लागली, एवढीच माझी तक्रार आहे. हा प्रश्न एकट्या माझा असता, तर मी आपला वेळ घेतला नसता.

आमच्याकडे गुडघे झिजले तरी वात, युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा रात्रीत सुजला तरी वात, तरुण मुलाची कंबर पहाटे आखडली तरी वातच म्हणतात. या एका शब्दाखाली शंभराहून अधिक वेगवेगळे आजार झाकले गेले आहेत. वयाने होणारी गुडघ्यांची झीज हा एक आजार आणि शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते तो आमवात हा वेगळा आजार. पहिल्यात दिवसभर काम केल्यावर सांधा दुखतो आणि बसल्यावर बरे वाटते. दुसऱ्यात झोपून उठल्यावर सांधे तास-दीड तास आखडलेले असतात आणि हालचाल सुरू झाल्यावर हळूहळू सुटतात. आमवात दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना एकाच वेळी धरतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पटींनी अधिक होतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर, शेत आणि नोकरी तिन्ही अंगावर असतानाच गाठतो. त्याचे नेमके एक कारण सांगता येत नाही. अनुवंशिकतेचा वाटा असतो, धूम्रपानाने धोका निश्चित वाढतो, पण बाळंतपणात हयगय झाली, थंड पाण्यात हात घातले किंवा दही खाल्ले म्हणून हा आजार होत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गावात दोष शेवटी त्या बाईच्या माथी मारला जातो. मीही तो ऐकून घेतला आहे.

माझ्या बाबतीत सुरुवात पहाटेच्या कणकेपासून झाली. मूठ वळेना. मग बांगड्या मनगटावर चढेनात, कारण बोटांच्या मुळाशी सूज होती. पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम कमी असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी रक्ताची ‘आरए फॅक्टर’ तपासणी केली, ती निगेटिव्ह आली आणि मला वात नाही असा निर्वाळा मिळाला. पुढे मला कळले की आमवाताच्या चार-पाच रुग्णांमागे एकाची ही तपासणी निगेटिव्हच येते आणि सुरुवातीच्या काळात तर अधिक जणांची येते. उलट काही निरोगी वृद्धांमध्ये किंवा क्षयाच्या रुग्णांमध्ये ती पॉझिटिव्ह येऊ शकते. निदान हाताला हात लावून, सांधे दाबून, किती आठवडे काय होते ते विचारून करायचे असते आणि कागद त्याला आधार म्हणून असतो. आमच्याकडे मात्र कागदच निदान करतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला तर ‘एएसओ’ नावाची, घशातील जंतूचा संसर्ग होऊन गेल्याचा माग दाखवणारी रक्ततपासणी वाढलेली दिसली म्हणून दोन वर्षे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जात होते. हे इंजेक्शन घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर मुलांना येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापासाठी आहे, जो ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो. त्या बाईंना आमवात होता. आजार एक आणि औषध दुसऱ्याच आजाराचे, आणि दोन्हींच्या नावांत ‘ऱ्हुमॅ’ असणे हे त्याचे कारण.

तिसरा टप्पा आठवडी बाजारातल्या पुडीचा होता. पुडी घेतल्यावर चौथ्या दिवशी मी दोन महिन्यांनी प्रथमच भाकरी थापली आणि त्या माणसाला मनोमन हात जोडले. आठ महिन्यांत माझा चेहरा गोल झाला, वजन अकरा किलोंनी वाढले आणि साखर निघाली. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते हे वैद्यकीय वर्तुळात कोणालाच नवीन नाही. ती एकदम थांबवली की माणूस कोसळू शकतो, चालू ठेवली तर हाडे ठिसूळ होतात आणि कधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून खुबाच बदलावा लागतो. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात येत नाही याची मला कल्पना आहे. परंतु त्या पुडीने बिघडलेला रुग्ण शेवटी आपल्याच रुग्णालयात येतो.

तीन वर्षांनी पुण्यात एका संधिवाततज्ज्ञांनी माझे दोन्ही पंजे हातात घेतले, बोटांच्या मुळाशी आडवा दाब दिला आणि मी कळवळले. त्यांनी ‘अँटी-सीसीपी’ ही आमवातासाठी अधिक खात्रीची रक्ततपासणी करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली. एक्स-रे मध्ये हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ही कुरतड बहुतेकांमध्ये पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा गेलेले हाड कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत उपचार सुरू होणे हे या आजारात सर्वांत मोलाचे असते. आणि या आजाराचे नुकसान सांध्यांपाशी थांबत नाही. तो फुप्फुसांत व्रण धरवतो, डोळे कोरडे पाडतो, रक्त कमी करतो, मानेचे मणके सैल करू शकतो. हृदयविकाराचा धोकाही सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो.

मला जे औषध मिळाले त्याचे नाव मेथोट्रेक्सेट. आमवातावर ते काही दशके जगभर वापरात आहे, देशाच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे आणि त्याचा महिन्याचा खर्च एका घराच्या चहा-साखरेपेक्षा कमी येतो. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासालाझिन, आणि ठरावीक काळाने रक्तपेशी व यकृताची तपासणी एवढे लागते. नवी जैविक औषधे महाग आहेत आणि त्यांच्यातील काहींमुळे दबलेला क्षय उफाळू शकतो, त्यामुळे ती तज्ज्ञांच्या हातीच असावीत. पण वेळेत सापडलेल्या अनेक रुग्णांना त्यांची गरजच पडत नाही. मात्र मेथोट्रेक्सेटची एक अट जीवावरची आहे. आमवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका आजींनी ती इतर गोळ्यांप्रमाणे रोज घेतली. त्यांचे तोंड आले, रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्या आणि त्या कशाबशा वाचल्या. चिठ्ठी इंग्रजीत होती आणि औषधाच्या दुकानात कोणी काही बोलले नाही. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने ही गोळी आधीच, डॉक्टरांना विचारून, थांबवायची असते, हेही कोणी सांगत नाही.

महोदय, हे सर्व महाराष्ट्राला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. आमच्या गावाहून पुण्याला जाताना भिगवण लागते. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी पाहायला तेथे लोक थांबतात. याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या लोकवस्तीतील सांधेदुखीचे आजार शोधण्याच्या कार्यक्रमाखाली, घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांमध्ये सुमारे १८ टक्क्यांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते आणि साधारण अर्धा टक्का लोकांना आमवात होता. अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो. २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २४ लाख लोकसंख्येतील प्रौढांना तो लावून पाहिला, तर एकट्या आमवाताचे रुग्ण साडेतीन लाखांच्या पुढे जातात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण गणित मी आयुष्यभर शिकवले आहे. भारताच्या ग्रामीण भागातील या आजाराचा अंदाज ज्या गावाने दिला, ते गाव आपल्याच राज्यात आहे. त्याला तीस वर्षे होत आली.

तरीही हा आजार सरकारच्या कोणत्या वहीत आहे, हे मी शोधले. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग आहेत, आणि ते असायलाच हवेत. आमवात तेथे नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, मुलांमध्ये शोधावयाच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे नाव आहे. म्हणजे शाळेत येणाऱ्या पथकाला मुलाचे हृदय ऐकायचे असते हे सरकारने ठरवले, आणि माझ्या शाळेत ते पथक येत असे. त्याच मुलाच्या आईचे हात पाहणारे मात्र कोणी नाही.

आशाताई तिशीवरील प्रत्येकाचा एक तपासणी-अर्ज भरतात. त्यात हाताने वस्तू धरता येते का, असा प्रश्न आहे, पण तो कुष्ठरोग हुडकण्यासाठी आहे. त्यात आणखी तीनच प्रश्न घालावेत, अशी माझी पहिली विनंती आहे: सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले असतात का, हातापायांच्या सांध्यांवर सहा आठवड्यांहून अधिक काळ सूज आहे का, आणि बोटांच्या मुळाशी आडवे दाबल्यावर दुखते का. तिन्ही प्रश्नांना एक मिनिट पुरते. आशाताईंवर आधीच कामाचा किती बोजा आहे आणि मोबदला किती आणि कधी मिळतो हे मला ठाऊक आहे, म्हणून हे काम फुकट त्यांच्या गळ्यात मारू नये, हेही त्याच वाक्यात लिहिते. ज्यांची उत्तरे ‘होय’ येतील त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राने वेदनाशामक गोळ्या देऊन परत न पाठवता जिल्हा रुग्णालयात पाठवावे. तेथे पूर्णवेळ संधिवाततज्ज्ञ लगेच मिळणार नाहीत, कारण राज्यात ते मोजकेच आहेत आणि बहुतेक पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत. पण महिन्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग ठरवून घेता येईल आणि मधल्या काळात ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवरून सल्ला घेता येईल. एकदा निदान होऊन मात्रा ठरली की पुढची देखरेख ग्रामीण रुग्णालयातील एमबीबीएस डॉक्टर करू शकतात, जशी ते मधुमेहाची करतात.

चिकुनगुन्याचाही येथे विचार व्हावा. २००६ च्या साथीनंतर आमच्या भागातील कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते. त्यातील बहुतेक हळूहळू बरे झाले, पण काहींचे दुखणे आमवातासारखे रेंगाळले. आता प्रत्येक साथीनंतर सांधा सुजला की ‘चिकुनगुन्याचे राहिले असेल’ म्हणून खरा आमवातही सोडून दिला जातो. तापानंतर तीन महिन्यांनी ज्यांची सूज उतरलेली नाही, त्यांना पुन्हा बोलावून तपासण्याची पद्धत आपले खाते घालू शकते. रुग्णांची नावे तर साथीच्या नोंदवहीत असतातच.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड माझ्याकडे आहे. ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. आमवाताच्या रुग्णाला दाखल व्हावे लागू नये, हेच तर उपचाराचे उद्दिष्ट असते. माझा खांदा किंवा गुडघा पूर्ण निकामी झाला की सांधा बदलण्याचा मोठा खर्च होईल. तो सांधा शाबूत ठेवणाऱ्या गोळीसाठी आणि तीन महिन्यांनी करायच्या रक्त तपासणीसाठी मात्र मला एसटीने दोन तास जाऊन स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागतात. माझे निवृत्तिवेतन आहे म्हणून मी देते. माझ्यासारखेच हात झालेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या एक बाई एका हंगामात औषध घेतात आणि दुसऱ्या हंगामात सोडतात, आणि सोडल्यावर काय होते ते त्यांच्या कोयत्याच्या मुठीवर गुंडाळलेल्या चिंध्यांवरून दिसते.

राज्याने औषध खरेदीसाठी २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे. पुढील वर्षाची मागणी ग्रामीण रुग्णालयांकडून मागवली जाईल, तेव्हा त्या मागणीपत्रात मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही चार नावे छापील असावीत, म्हणजे ती मागायची की नाही हे कोणा एका डॉक्टरांच्या आठवणीवर राहणार नाही. आणि मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘आठवड्यातून एकदाच, रोज नाही’ असा शिक्का असावा, त्याखाली वार लिहिण्यासाठी मोकळी जागा ठेवावी. शेजारच्या वस्तीवरच्या त्या आजींचा वार आता गुरुवार आहे. त्यांच्या नातवाने तो कोळशाने भिंतीवर लिहून ठेवला आहे.

आपली विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका