तो ठिपका तुम्ही पुसला नाहीत

नमस्कार दादा,

परवा रेडिओ दुरुस्तीचे पैसे तुमच्या हातावर ठेवले आणि रिक्षात बसले. धड 'येते' सुद्धा म्हणाले नाही. बोलले असते तर दुकानातच रडू आलं असतं. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी तीन दुकानं झाली होती. एकाने रेडिओ रिक्षातून उतरवूच दिला नाही. दुसरा म्हणाला, "आजी, वर फुलदाणी ठेवा, शोभेल." तिसऱ्याने सहा महिने माळ्यावर टाकला आणि मागचा पुठ्ठा हरवून परत दिला. असो.

तुम्ही कुठला व्हॉल्व्ह, कुठला कंडेन्सर बदललात ते मला कळत नाही. मला तुमचा तो फोन आठवतो. "ताई, काच पुसायला घेतलीये. हा लाल ठिपका राहू द्यायचा ना?"

वडिलांनी तो मर्फी रेडिओ १९५१ साली घेतला. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला, त्यामुळे काचेवर केंद्रांची म्हणून छापलेल्या गावांत पुणं नव्हतंच. मग आईने शेजारच्या सायकलवाल्याकडून रंग आणला आणि काडेपेटीच्या काडीने नेमका तिथे ठिपका दिला. आम्हा पोरांना वाचता येत नव्हतं तेव्हाही काटा ठिपक्यावर आणता यायचा. ठिपका म्हणजे गोपीनाथ तळवलकरांचा मुलांसाठीचा कार्यक्रम, 'बालोद्यान'. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट नुसती गुणगुण. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, वरच्या लाकडावर तळहात ठेवून बसायचा, त्याच्या शेजारी ऊब खात मांजर. आम्ही भांडलो की वडील आतून ओरडायचे, "पोस्टात रेडिओच्या लायसनचे १५ रुपये भरलेत, तुमची कलकल ऐकायला नाही!" पुण्यात टीव्ही आला १९७३ला. तोवर दादा नोकरीला लागला होता.

सत्तर वर्षांचा तो रंग, नखाने खरवडला तरी गेला असता. दुसऱ्याच्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी विचारणारी माणसं किती असतात हो? आमच्या घरातलेच दोघं-तिघं नसते थांबले.

दादाला अर्धांगवायू झाल्यापासून तो फारसं बोलत नाही. रेडिओ त्याच्या खाटेशी ठेवला, बटण फिरवलं. आवाज येईना म्हणून मी पुन्हा बटणाकडे हात नेला, तर त्याने चांगला हात वर केला.

"थांब," म्हणाला. "तापू दे."