काळ्या रेषा वाचताना

महोदय,

ताऱ्याच्या रंगावरून तापमान कळते खरे, पण वाटेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तप्त ताराही तांबूस दिसतो. म्हणून वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा पाहायच्या; प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठराविक रंग शोषतात, तिथे त्या उमटतात. तिथेही फसगत होतेच. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांहून ठळक असतात, पण म्हणून सूर्यावर कॅल्शियम जास्त असे मुळीच नव्हे! दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा दुसऱ्या ऊर्जापातळीवरचे (इलेक्ट्रॉन एक पायरी वर चढलेले) अणू उमटवतात आणि सुमारे ५,८०० केल्विनला असे अणू फारच थोडे असतात. १०,००० केल्विनजवळ या रेषा सर्वांत गडद होतात. त्याहून तप्त ताऱ्यांत इलेक्ट्रॉनच सुटून जातात, रेषा पुन्हा फिकटतात. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० च्या, कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात हे सांगणाऱ्या समीकरणाने जमला. त्याच आधारे खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांना १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजनच प्रचंड प्रमाणात आढळला.

– एक खगोल अभ्यासक